नंबर ‘नॉर्मल’ आहे, मग एकाचे दोन का दिसतात?

“डॉक्टर, सगळे म्हणतात डोळे उत्तम आहेत. मग संध्याकाळी मला समोरच्या गाडीचे दिवे दोनाचे चार का दिसतात?”

माझ्या ओपीडीत हा प्रश्न नेहमी येतो. विचारणारी व्यक्ती बदलते, फाईल मात्र तीच असते. ती कशी असते ते सांगतो. हे कुणा एका पेशंटचं चित्र नाही, अनेकांचं मिळून केलेलं आहे.

वय पस्तिशीच्या आसपास. हिंजवडीला नोकरी, दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनसमोर. सकाळी सगळं छान. दुपारी तीननंतर ओळी एकमेकींवर चढायला लागतात, कपाळ जड होतं, एक डोळा मिटला की बरं वाटतं. घरी जाताना दुचाकीवरून पुढची गाडी किती जवळ आहे याचा अंदाज चुकतो. चहा ओतताना थोडा बशीत सांडतो. सुईत दोरा ओवणं कधीच सोडून दिलेलं. शनिवार-रविवार आराम झाला की त्रास गायब, बुधवारपर्यंत पुन्हा हजर. फाईलमध्ये दोन वर्षांत झालेले तीन चष्मे, थेंबांच्या पाच-सहा चिठ्ठ्या, ‘ब्लू कट’ काचांचं बिल. आणि शेवटच्या भेटीत तोंडी मिळालेला सल्ला : “टेन्शन घेऊ नका, नंबर नॉर्मल आहे, ६/६ आहे.”

एवढ्या जाड फाईलमध्ये एक ओळ कुठेच सापडत नाही. दोन डोळे *एकत्र* कसं काम करतात, हे कुणी तपासलं का?

मी स्वतः नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे आजचा लेख आमच्याच घरावर दगड मारणारा आहे. “६/६ आहे, काही काळजी करू नका” हे वाक्य मीही घाईच्या दिवशी उच्चारलेलं आहे. एकदा तर संध्याकाळी दोन दिसण्याची तक्रार मी ‘थकवा’ म्हणून परत पाठवली, आणि दोन महिन्यांनी तोच पेशंट एक पापणी अर्धी खाली आलेली घेऊन परत आला. तो आजार थकव्याचा नव्हता, मायस्थेनियाचा होता. तेव्हापासून हे वाक्य मी बंद केलं. सगळ्यांनीच ते बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

६/६ नेमकं काय सांगतं?

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये बनवला. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जी ओळ वाचता यायला हवी, ती तुम्हालाही वाचता आली की तुम्ही ६/६. पद्धत उत्तम आहे, स्वस्त आहे, आजही तिला तोड नाही.

पण ती मोजते काय? एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने लांबचं, स्थिर, काळं-पांढरं अक्षर वाचायचं. मग डोळे बदलायचे. दोन्ही डोळे एकाच जागी बघतात का, दोन चित्रांचं एक होतं का, जवळ बघताना डोळे आत वळतात का, तासाभराच्या वाचनानंतरही ते टिकून राहतात का, यातलं काहीच हा तक्ता मोजत नाही. मोजण्यासाठी तो बनवलेलाच नाही. तराजूने उंची मोजायला गेलो तर चूक तराजूची नसते.

आपली सगळी व्यवस्था मात्र याच तराजूवर उभी आहे. शाळेतल्या तपासणीत तक्ता. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर, मग तक्ता. २०१७ मध्ये सरकारने अंधत्वाची व्याख्या बदलून ६/६० ऐवजी ३/६० ही रेषा धरली, तीही तक्त्याचीच. वाहन परवान्याच्या स्वयंघोषणेत विचारतात की २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का. एका गाडीच्या दोन गाड्या दिसतात का, हे कुणी विचारत नाही. म्हणजे पेपरवर तुम्ही पास, आणि रस्त्यावर दोन दुभाजकांपैकी खरा कोणता हे शोधत बसलेले!

दोन डोळे, एक चित्र

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग जरासं वेगळं दिसतं. पटत नसेल तर नाकासमोर बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट उडी मारतं. ही दोन वेगळी चित्रं मेंदू जोडतो आणि त्यांच्यातल्या सूक्ष्म फरकावरून वस्तू किती लांब आहे हे काढतो. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये आपलं स्टिरिओस्कोप हे यंत्र मांडून हे दाखवून दिलं. आजचे थ्रीडी सिनेमे त्याच तत्त्वावर चालतात.

हे जमण्यासाठी दोन्ही डोळे अचूक एकाच बिंदूवर लागावे लागतात. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू, म्हणजे दोन्ही मिळून बारा. त्यांना हलवणाऱ्या नसांच्या तीन जोड्या. बैलगाडीचे दोन बैल एका चालीने चालले तर गाडी सरळ जाते. एक जरा आळशी असला तर दुसरा ओढून नेतो, पण संध्याकाळपर्यंत दोघेही दमतात. पुष्कळ लोकांचे डोळे असेच असतात. एक डोळा किंचित बाहेर, आत किंवा वर सरकायला बघतो, मेंदू त्याला सतत ओढून जागेवर आणतो. याला आम्ही लपलेला तिरळेपणा म्हणतो. आरशात तो दिसत नाही. झोप कमी झाली, ताप आला, वय वाढलं, काम वाढलं की ओढ सुटते आणि एकाचे दोन होतात. आराम झाला की परत एक.

म्हणून हा त्रास येतो-जातो. आणि येतो-जातो म्हणूनच त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पेशंट सकाळी अकराच्या अपॉइंटमेंटला ताजातवाना येतो, तेव्हा सगळं ठीक असतं. त्याला खोटं ठरवणं सोपं, संध्याकाळी सहाला परत बोलावून तपासणं जरा कष्टाचं. पण तेच करायला हवं.

टायगर पतौडींची टोपी

हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “पतौडी एका डोळ्याने क्रिकेट खेळले, तुम्हाला काय झालंय!” तेव्हा ती गोष्ट नीट सांगायलाच हवी.

मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याला जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात काच लागली. त्यानंतर काय झालं हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. सिगारेट पेटवायला गेले की काडी टोकापासून जराशी बाजूला जायची. जगमधलं पाणी ग्लासऐवजी टेबलावर पडायचं. जखमी डोळ्यात लेन्स घालून खेळायला उतरले, तर काही इंच अंतरावर दोन चेंडू दिसायला लागले. आतल्या बाजूचा चेंडू खरा मानून ते खेळत राहिले. पुढे लेन्स काढून, तो डोळा बंद ठेवून खेळले. टोपी त्या डोळ्यावर ओढून घेण्याची त्यांची लकब इथली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते कसोटी खेळले, १९६२ मध्ये २१व्या वर्षी कप्तान झाले. कारकिर्दीत ४६ कसोटी, ६ शतकं.

यातून जिद्द शिकायची तर जरूर शिका. पण डॉक्टर म्हणून मला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, एवढा जन्मजात खेळाडूसुद्धा पाणी ग्लासात ओतू शकत नव्हता. म्हणजे तुमचा चहा बशीत सांडतो यात धांदरटपणा नाही. दुसरी, टोपीने डोळा झाकणं हा उपचार होता. दोन चित्रांतलं एक बंद केलं की गोंधळ थांबतो. आम्ही आज पट्टी देतो, तेही हेच. पतौडींनी त्रास सोसला म्हणून तो तुम्हीही निमूट सोसा, असा धडा त्यातून काढणं अन्यायाचं आहे.

आधी घरी ही एक गोष्ट बघा

दोन दिसत असताना एक डोळा हाताने झाका. मग तो उघडून दुसरा झाका.

एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोन किंवा सावलीसारखं दिसत असेल, तर दोष बहुधा त्याच डोळ्यात आहे. तिरका नंबर, कोरडेपणा, मोतीबिंदूची सुरुवात, बुबुळाचा आकार बिघडणं वगैरे. यात चष्मा, थेंब किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

कोणताही एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक होत असेल, तर प्रत्येक डोळा आपापलं काम करतोय, पण जोडी जमत नाहीये. अशा माणसाला ‘६/६’ सांगणं निरर्थक आहे, कारण तक्ता वाचताना आपण त्याचा एक डोळा झाकलेला असतो! ज्या स्थितीत त्रास होतच नाही, त्याच स्थितीत तपासायचं आणि त्रास नाही म्हणायचं, हा विनोद रोज घडतो.

दहा सेकंदांची ही चाचणी करा आणि उत्तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा. शेजारी-शेजारी दोन दिसतात की वर-खाली? लांबचं दोन दिसतं की जवळचं? सकाळी जास्त की संध्याकाळी? एवढ्या चार उत्तरांनी निम्मं निदान होतं.

यात थांबायचं नाही, लगेच रुग्णालयात जायचं

* दोन दिसणं अचानक सुरू झालं आणि सोबत तीव्र डोकेदुखी आहे
* एक पापणी खाली आली आहे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते
* बोलणं जड, चेहरा वाकडा, हातापायात अशक्तपणा, चालताना तोल जाणं
* गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास
* डोक्याला मार लागल्यानंतर दोन दिसणं
* डोळा दुखतो, लाल आहे, बाहेर आल्यासारखा वाटतो

पापणी आणि बाहुलीची लक्षणं मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याची असू शकतात, बोलणं जड होणं पक्षाघाताचं असू शकतं. तिथे चष्म्याच्या दुकानात गेलेला एक दिवससुद्धा महाग पडतो.

वारंवार येणाऱ्या त्रासामागे काय असतं?

तरुणांमध्ये आणि शाळकरी मुलांमध्ये सर्वाधिक सापडतं ते म्हणजे जवळ बघताना डोळे पुरेसे आत न वळणं. तामिळनाडूत ७ ते १७ वयोगटातल्या ९२० शाळकरी मुलांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ३० टक्के मुलांमध्ये दोन डोळ्यांच्या समन्वयाचा काही ना काही दोष सापडला. त्यात हा प्रकार पहिल्या क्रमांकावर होता. यातली कित्येक मुलं तक्त्यावर पास होतात. घरी त्यांना काय ऐकावं लागतं? “लक्ष नाही अभ्यासात. ओळ गाळतो. मोबाईल मात्र बरोबर बघतो.” लहान मूल “मला दोन दिसतं” असं सांगत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. काही मुलांचा मेंदू तर एका डोळ्याचं चित्र चक्क बंदच करून टाकतो. मग दोन दिसणं थांबतं, पण खोलीचा अंदाजही जातो, आणि तक्रार करायला काही उरत नाही.

पन्नाशीनंतर पहिला संशय साखरेवर आणि रक्तदाबावर. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अडला की डोळा एका बाजूला वळत नाही आणि अचानक दोन दिसू लागतं. बहुतेकांमध्ये तीनेक महिन्यांत नस सावरते. तोवर पट्टी किंवा चिकटवायचं प्रिझम देता येतं. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे याच निमित्ताने कळतं.

सकाळी उठल्यावर जास्त आणि डोळे मोठे दिसत असतील तर थायरॉइड बघावा लागतो. दिवस चढेल तसं वाढत असेल, पापणी जड होत असेल तर मायस्थेनिया. मान कायम एका खांद्याकडे कलती असेल तर चौथ्या नसेचा जन्मजात दोष. यासाठी आम्ही पेशंटला शाळेतले, लग्नातले जुने फोटो आणायला सांगतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोतही मान कलतीच असेल, तर आजार जुना आहे, आता फक्त ओढ सुटली आहे, हे कळतं आणि बरीच भीती कमी होते.

आणि हेल्मेट

हीच चौथी नस अतिशय बारीक, आणि मेंदूच्या मागून निघून लांबचा वळसा घालून डोळ्याकडे येते. डोक्याला मार लागला की ती सहज दुखावते. ती खाली बघायला मदत करते. त्यामुळे ती गेली की जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसतात, ताटातली कोशिंबीर वर-खाली दोन जागी दिसते, आणि वाचणं नकोसं होतं.

आपलं शहर दुचाक्यांचं. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा त्याविरुद्ध पुण्यात मोर्चा निघाला होता. मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही, असे युक्तिवाद तेव्हाही ऐकले, आजही ऐकतो. माझ्याकडे येतात ते जीव वाचलेले लोक. हाडं जुळतात, टाके सुकतात, सगळे म्हणतात “नशीब, थोडक्यात निभावलं.” आणि हा माणूस पुढचे सहा महिने एक डोळा मिटून जिना उतरतो. हेल्मेटने प्रत्येक नस वाचते असं नाही, पण डोक्याला बसणारा मार कमी होतो. लक्ष्मी रोडवरच्या उकाड्यापेक्षा तो त्रास निश्चित मोठा आहे.

एकीकडे झटकून टाकणारे, दुसरीकडे विकणारे

डॉक्टरने “काही नाही” म्हटलं की पेशंट गप्प बसत नाही, तो बाजारात जातो. आणि बाजार तयारच असतो.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घ्या. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी मिटतो आणि तासन्‌तास एकाच अंतरावर बघतो. खरं दुखणं तिथे आहे.

‘सात दिवसांत चष्मा घालवा’, त्राटक, सूर्याकडे बघणं, डोळ्यात मध. सूर्याकडे बघितल्याने पडद्याचा मधला भाग कायमचा जळू शकतो. मधाने जंतुसंसर्ग होऊ शकतो. डोळ्यांचा समन्वय यातल्या कशानेही सुधारत नाही.

मग व्यायाम खोटे का? नाहीत. इथेही नीट बोलायला हवं. जवळ बघताना डोळे आत न वळण्याच्या दोषावर अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली १२ आठवडे व्यायाम केलेल्या मुलांपैकी ७३ टक्के बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के, आणि नकली व्यायाम दिलेल्यांत ३५ टक्के होतं. म्हणजे व्यायाम लागू पडतो, पण योग्य दोषाला, योग्य देखरेखीत. ‘यूट्यूबवर बघून पेन्सिल करा’ हा सल्ला नकली व्यायामापेक्षा फार पुढे गेला नाही, हेही लक्षात घ्या.

आणि दुसरी बाजू. २०१९ मध्ये याच गटाने दाखवलं की या व्यायामांनी मुलांचं वाचनातलं आकलन नकली व्यायामापेक्षा जास्त सुधारत नाही. तेव्हा ‘व्हिजन थेरपीने मार्क वाढतात, डिस्लेक्सिया जातो’ असं सांगून हजारो रुपयांचं पॅकेज कुणी विकत असेल तर नमस्कार करून बाहेर या.

‘चांगलं दिसावं’ म्हणून नव्हे, ‘नीट दिसावं’ म्हणून

मराठीत ‘दिसणं’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि तिरळेपणाच्या पेशंटला त्याचा फटका बसतो. डोळा वळलेला असला की घरचे म्हणतात, “असू दे, तिरळेपणा भाग्याचा असतो.” वर्गातली मुलं चकणा म्हणून चिडवतात. मोठेपणी ऑपरेशनचा विषय काढला की, “आता या वयात सुंदर दिसून काय करायचंय?” विमा कंपनीही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून दावा नाकारू शकते.

डोळे सरळ करण्याची शस्त्रक्रिया दोन चित्रं एक करण्यासाठी असते. मोठेपणी ती केल्याने अनेकांचं दोन दिसणं थांबतं किंवा रोजच्या कामात येत नाही इतकं कमी होतं. म्हणून आपल्या डॉक्टरांना कागदावर स्पष्ट लिहायला सांगा : दोन दिसतं, कोणत्या दिशेला दिसतं, तिरळेपणाचं माप किती, कामात काय अडथळा येतो. दाव्याच्या वेळी हा कागद बोलतो.

“आता वय गेलं” हे वाक्यही तपासून घ्या. ह्यूबेल आणि वीझेल यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. मांजराच्या पिल्लांवरच्या त्यांच्या प्रयोगांतून कळलं की लहानपणी डोळा वापरला गेला नाही तर मेंदूतली त्याची जागा जाते. त्यावरून पुढे अनेकांनी असं गृहीत धरलं की बालपण संपलं की दार बंद. पण सुसान बॅरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ लहानपणापासून तिरळ्या. सातव्या वर्षापर्यंत तीन शस्त्रक्रिया झाल्या, डोळे सरळ दिसू लागले, खोली मात्र दिसायची नाही. वयाच्या ४८व्या वर्षी त्यांनी व्यायाम सुरू केले आणि एक दिवस गाडीचं स्टिअरिंग डॅशबोर्डपासून वेगळं, पुढे आलेलं दिसलं. सगळ्यांचं असं होत नाही आणि तशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. पण प्रयत्न न करता दार बंद आहे म्हणणंही चूकच.

उपचार चालू असताना रोजचं जगणं

* दोन दिसत असताना गाडी चालवू नका, रिक्षा करा. पट्टी लावल्यावरही अंतराचा अंदाज बसायला काही आठवडे लागतात, आणि गाडी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.
* जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणारी रंगीत पट्टी चिकटवा. एका डोळ्यालाही कळणारी ही खूण आहे.
* पर्वती उतरताना किंवा बसमधून उतरताना कठडा धरा. लांबचं-जवळचं एकत्र असलेल्या चष्म्यात खाली बघितलं की पायरी धूसर दिसते. मान वाकवून वरच्या काचेतून बघा.
* चहा-पाणी ओतताना भांड्याची कड कपाच्या कडेला टेकवा. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप नको.
* दर वीस मिनिटांनी स्क्रीनवरून नजर काढून खिडकीबाहेर लांब बघा, पापण्या मिटा. याने स्नायू सैल होतात, तिरळेपणा बरा होत नाही.
* मोठ्या माणसाला दोन दिसण्याचा फार त्रास होत असेल तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत एक डोळा झाकला तर चालतो. लहान मुलाला मात्र मनाने पट्टी लावू नका, झाकलेला डोळाच आळशी होऊ शकतो.
* घरच्यांनी “किती सांडतेस!” हे वाक्य काही दिवस रजेवर पाठवावं.

शेवटी, काय मागायचं?

माझे काही सहकारी म्हणतील, दिवसाला साठ पेशंट, वेळ कुठे आहे? मान्य. पण मी तासाभराची तपासणी मागत नाही. डोळा आळीपाळीने झाकून दुसरा हलतो का बघणं. पेन नाकाजवळ आणून साधारण सहा ते दहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसतो का बघणं. डोळे नऊ दिशांना फिरवून बघणं. खोलीच्या अंदाजाचं एक छोटं पुस्तक दाखवणं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. यात काही चुकलं तरच पुढची सविस्तर तपासणी. पुण्यात ससूनचा नेत्रविभाग आहे, महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, भारती विद्यापीठात ऑप्टोमेट्रीचं शिक्षण दिलं जातं. या शहरात तरी माणसं नाहीत ही सबब चालणार नाही. शाळेच्या तपासणीतही पेनची ती एक चाचणी जोडायला पैसे लागत नाहीत, फक्त एक पेन लागतं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी “नंबर नॉर्मल आहे” म्हणून फाईल मिटायला लागलं, तर उठू नका. शांतपणे विचारा : “डॉक्टर, दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलंत का?”

त्यांना राग आला तर माझं नाव सांगा.